देवाची खोली आणि पुण्याचे अठरा हजार

«काका, नमस्कार. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठी. माझे मिस्टर गावच्या महादेवाच्या देवळात गुरव आहेत. आजेसासऱ्यांपासून पूजा आमच्याच घरात. ट्रस्ट महिन्याला पाच हजार देतो, २०१६ पासून तेवढेच. देवळामागे दोन खोल्या आहेत, लाइट देवळाच्याच मीटरवर. ताटातली दक्षिणा धरून महिन्याकाठी आणखी तीनेक हजार होतात. श्रावणात नि महाशिवरात्रीला जास्त, उन्हाळ्यात कधी हजारसुद्धा नाही. सुगीला गावातून तीनेक क्विंटल ज्वारी-बाजरी येते. माझे लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात. मिस्टर ३५ चे, मी ३० ची. मुलगा पाचवीला, मुलगी दुसरीला, सासूबाई सोबत. आता माझ्या मावसभावाने पुण्याला धायरीत एका सोसायटीच्या देवळात जागा बघितली आहे. अठरा हजार पगार, सकाळ-संध्याकाळ पूजा, खोली आपली आपण बघायची. मला वाटतं जावं. सासूबाई म्हणतात, देव सोडून कुठे जाता. मिस्टर म्हणतात, देवाच्या कामाला पैसे वाढवून मागणं बरं दिसत नाही, पण जायलाही त्यांचं मन होत नाही. दीर म्हणतात, देवाची तीन एकर जमीन आपल्याच वहिवाटीची होती, ती ट्रस्टने बटाईला दिली, ती परत मागा. मी काय करू?

ता. क. देवाला चढवलेले नारळ आम्ही दुकानात परत विकतो. गावातल्या बायका नावं ठेवतात. हे चुकीचं आहे का?

— बोरीकाठची एक गुरवीण»

ताई,

नारळांचं शेवटी बोलू. आधी पाच हजार आणि अठरा हजार हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचं थांबवा. ते एका मापाचे नाहीत. पाच हजारांच्या पाठीशी खोल्या आहेत, लाइट आहे, तीन क्विंटल धान्य आहे. अठरा हजारांच्या पाठीशी काहीच नाही, उलट पुढ्यात घरमालक उभा आहे.

तुमचं पत्र वाचल्यावर मी धायरीच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. एक खोली नि स्वयंपाकाचा कट्टा, ज्याला तिकडे वन आरके म्हणतात, त्याचं भाडं नऊ-साडेनऊ हजार. वर डिपॉझिट तीस-चाळीस हजार, ते पहिल्याच दिवशी. लाइट-पाण्याचे हजार धरा. म्हणजे अठरातून साडेदहा गेले, हातात साडेसात राहिले. आज जे धान्य सुगीला दारात येतं, ते तिकडे किराणा दुकानातून आणायचं, त्याचे महिन्याला हजार-बाराशे. राहिले सव्वासहा. गावाकडे तुमच्या हातात पाच नि तीन, आठ हजार रोख पडतात. तिकडेही दक्षिणेचे तीन हजार मिळाले असं धरलं तर सव्वानऊ होतात. फरक सव्वा हजाराचा. मुलाच्या बसच्या पासात, पुण्याच्या भाजीत आणि वर्षातून तीनदा गावी येण्याच्या गाडीभाड्यात तो कधी विरघळला हे कळणारही नाही.

शिवाय दक्षिणेचे तीन हजार तिकडे मिळतीलच याची मला खात्री नाही. सोसायटीच्या देवळात आता ताटाशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो. त्याचं खातं पुजाऱ्याचं नसतं, सोसायटीचं असतं. लोक नमस्कार करतात, मोबाइल दाखवतात, देवाला पोचल्याचा आवाजही येतो, आणि ताटात सुट्टे दोन-पाच रुपये. वास्तुशांत, सत्यनारायण, मुंज यांचे पैसे मोठे, पण ती कामं याज्ञिकी शिकलेल्या गुरुजींकडे जातात आणि त्यांचे यजमान वर्षानुवर्षं ठरलेले असतात. तुमच्या मिस्टरांना रुद्र येत असेल, अभिषेक, पंचोपचार पूजा, आरती येत असेल, त्यात कमीपणा काही नाही. पण त्या धंद्यात नव्या माणसाला शिरायला पाच-सात वर्षं लागतात.

आणखी एक. वन आरकेत पाच माणसं कशी राहणार? सासूबाई गावीच राहतील म्हणाल, तर कुठे? खोल्या पूजेबरोबर आहेत. मिस्टरांनी पूजा सोडली की नव्या पुजाऱ्याला त्या लागणार. दिरांच्या घरात त्यांची सोय आहे का, हे पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांचं «देव सोडून कुठे जाता» हे निम्मं देवाबद्दल आहे आणि निम्मं डोक्यावरच्या पत्र्यांबद्दल, असं मला वाटतं. म्हाताऱ्या माणसाला दुसरं तोंडाने सांगता येत नाही.

पुण्याचं गणित जमतं ते एकाच तऱ्हेने. तुम्ही दोन घरच्या पोळ्या-भाजीचं काम धरलं तर. त्याचे सात-आठ हजार सहज येतील आणि मग पारडं स्पष्ट पुण्याकडे झुकतं. पण मग ते देवाचे अठरा हजार नाहीत, तुमच्या पोळ्यांचे आठ हजार आहेत, हे लक्षात घेऊन जा. पोळ्या सकाळी सहाला सुरू होतात. पूजाही तेव्हाच असते. मुलांचा डबा कोण भरणार, ते आधी ठरवा.

आता तुम्ही जे लिहिलंच नाही त्याबद्दल. गाभारा धुणं, सभामंडप झाडणं, सोमवारी नि श्रावणात सडा-रांगोळी, हार ओवणं, नैवेद्य करणं, समया घासणं हे कोण करतं? मला देवळांची बरीच माहिती आहे, त्यामुळे उत्तर विचारत नाही. धुळ्यात मी कित्येक वर्षं छोट्या देवस्थानांच्या वह्या लिहिल्या. खर्चाच्या बाजूला तेल, वात, कापूर, चुना-रंग, ‘पुजारी मानधन’ अशा ओळी असायच्या. पुजाऱ्याच्या बायकोची ओळ एकाही वहीत नव्हती. एका मानधनात ट्रस्ट दोन माणसं वापरतो, आणि हे कुणाच्या मनातही नसतं, विश्वस्तांच्या नाही आणि तुमच्याही नाही.

आता मिस्टरांच्या «बरं दिसत नाही»कडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. पुणं हा त्या अडचणीला शोधलेला आडरस्ता आहे.

त्यांना एक विचारा. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल भरतं, तेव्हा काय होतं? तो मालकाच्या ओट्यावर बसतो, चहा होतो, मागच्या सालाचा हिशेब होतो, आणि मग तो सरळ सांगतो की यंदा एवढे घेईन, दाणे एवढे, उचल एवढी. मालक कुरकुरतो, मधला कुणी बसून आकडा जुळवतो. यात कुणाला काही वाईट दिसत नाही. भुईचं काम, बैलांचं काम, तेही देवाचंच म्हणतो ना आपण? पण सालदार दरवर्षी बोलतो, म्हणून त्याचं साल दरवर्षी वाढतं. गुरव नऊ वर्षं बोलला नाही, म्हणून पाच हजार पाच हजारच राहिले.

तुमच्या आजेसासऱ्यांनाही मागावं लागत नव्हतं, हे खरं. पण त्याचं कारण वेगळं होतं, ते मिस्टरांना समजावून सांगा. गुरव हा बारा बलुत्यांतला. देवाची पूजा करायची, बेल पोचवायचा, लग्नकार्याला पत्रावळी लावायच्या, वाजंत्री वाजवायची आणि खळ्यावर जाऊन आपला वाटा उचलायचा. तो वाटा दाण्यांत होता. ज्वारी महाग झाली तरी गुरवाच्या कणगीत तेवढीच ज्वारी, म्हणजे महागाई त्याच्या घरात शिरतच नव्हती. दुष्काळात सगळ्या गावाबरोबर तोही उपाशी राहायचा, तेवढी जोखीम होती, पण रुपया झिजण्याची जोखीम नव्हती. पुढे गावोगाव ट्रस्ट झाले, बलुत्याची जागा रोख मानधनाने घेतली, आणि तिथे गुरव फसला. आकडा कागदावर जागच्या जागी राहिला, त्यातली ज्वारी मात्र दरवर्षी थोडी थोडी सांडत गेली.

किती सांडली ते मोजता येतं. सरकारने २०१६-१७ साली संकरित ज्वारीला हमीभाव दिला होता क्विंटलला १,६२५ रुपये. २०२४-२५ साली तोच भाव ३,३७१ रुपये. अमळनेरच्या बाजार समितीत प्रत्यक्ष भाव कधी खाली असतो कधी वर, ते मला माहीत आहे, पण मोजायला एक पट्टी लागते आणि ही पट्टी सगळ्या गावाला ठाऊक आहे. २०१६ मध्ये तुमच्या पाच हजारांत तीन क्विंटलहून थोडी जास्त ज्वारी येत होती. २०२४ मध्ये दीड क्विंटलही येत नव्हती. म्हणजे ट्रस्टने मानधन वाढवलं नाही असं म्हणणंही अपुरं आहे. ट्रस्टने ते निम्म्याहून खाली आणलं, न बोलता, कुणाला न दुखावता.

२०१६ ची ज्वारी परत हवी तर आज दहा हजारांच्या वर आकडा जातो. म्हणून मागणी दहा हजारांची करा. ही वाढ मागणं नाही. जे होतं ते होतं तेवढं ठेवा, एवढंच म्हणणं आहे. मिस्टरांना हे तोंडाने मागता येत नसेल तर राहू द्या, सगळ्यांना येत नाही. एका कागदावर तुम्ही लिहा, ते सही करतील. दोन भाव, दोन सालं, पाच हजारांना भागून आलेली ज्वारी, एवढंच लिहायचं. खाली हातच्या नोंदीतून दक्षिणेचा वर्षाचा आकडा देऊ नका. विश्वस्त लगेच म्हणतात, «वरचे मिळतातच की.» दक्षिणा भाविक गुरवाला देतो, ट्रस्ट देत नाही. ज्या दिवशी ट्रस्ट ती मानधनात धरायला लागला, त्या दिवसापासून पाऊस न पडलेल्या श्रावणाचं नुकसानही तुमच्याच अंगावर.

हा प्रश्न आपल्याच गावचा किंवा आपल्याच धर्माचा आहे असं वाटत असेल तर तसंही नाही. आपल्याच खान्देशात नवापूर-नंदुरबारकडे ख्रिस्ती मंडळ्या बऱ्याच आहेत. तिकडच्या एका पाळकसाहेबांशी माझी जुनी ओळख. मंडळी मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी कुटुंबांची, दशांश निघून निघून निघणार किती? ऊसतोडीला माणसं गुजरातेत गेली की दानाची पिशवी रिकामी. शहरातल्या चर्चच्या पाळकाला त्याच कामाचे जास्त मिळतात, कारण तिथली मंडळी नोकरदार. ते म्हणायचे, «आमचं शास्त्र एक, वचन एक, पिशव्या वेगळ्या.» मशिदींतल्या इमामांचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९९३ साली न्यायालयाने वक्फ बोर्डांना इमामांच्या मोबदल्याची व्यवस्था लावायला सांगितली. तेलंगणात छोट्या देवळांसाठी ‘धूप दीप नैवेद्यम’ नावाची सरकारी योजना आहे. तिची महिन्याची रक्कम २०२३ साली सहा हजारांवरून दहा हजार केली. तुमच्या कागदावर हा आकडाही लिहायला हरकत नाही, विश्वस्तांना दुसऱ्या राज्याचा दाखला आवडतो.

इंग्लंडच्या चर्चचं सांगतो, कारण त्यात तुमच्या कामाचं काही आहे. तिकडे पाद्र्याच्या रकमेला पगार म्हणत नाहीत, स्टायपेंड म्हणतात. पोटासाठी दुसरं काम करावं न लागता माणसाला सेवा करता यावी एवढी रक्कम, असा त्याचा अर्थ. आकडा दरवर्षी नव्याने ठरतो. सोबत राहायला घर. ऐकायला छान, पण त्यात एक खाच आहे. माणूस निवृत्त झाला की घर सोडायचं, आणि जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहिल्याने स्वतःचं बांधायचं राहून गेलेलं. म्हणून त्या चर्चच्या पेन्शन बोर्डाला निवृत्त पाद्र्यांच्या घरांसाठी निराळी योजना चालवावी लागते.

तुमच्या दोन खोल्यांत हीच खाच आहे, ताई. आज धायरीच्या नऊ हजारांपुढे त्या खोल्या सोन्याच्या वाटतात, आणि आहेतच. पण त्या तुमच्या नाहीत. मिस्टरांचं काही बरंवाईट झालं (होऊ नये, पण मोटरसायकलवरून फिरणारा माणूस आहे) तर तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई एका महिन्यात रस्त्यावर. गाव हाकलणार नाही म्हणाल. गाव हाकलत नाही, पण नवा पुजारी बायकापोरांसह येऊन दारात उभा राहिला की गावही खाली बघतं. तेव्हा पैशाआधी, पुण्याआधी, तुम्हाला स्वतःच्या नावावर दीड-दोन गुंठे जागा हवी. गुरव समाज ओबीसीत येतो. राज्याने २०२३ साली ओबीसींसाठी तीन वर्षांपुरती मोदी आवास योजना काढली होती, ती अजून चालू आहे का ते विचारा. पंतप्रधान आवास योजनेत घरकुलाला निदान १ लाख २० हजार मिळतात, पण जागा आपली लागते आणि यादीत नाव लागतं. ग्रामपंचायतीत जाऊन यादीत तुमचं नाव आहे का ते या आठवड्यात बघा. «आम्हाला देवळाची खोली आहे» असं म्हणून कित्येक गुरव नि पुजारी अर्जच करत नाहीत.

म्हातारपणाचंही आत्ताच करा. पाच हजारांतून काय वाचवणार, असं म्हणू नका. दीड हजार रुपये तुमच्या नावावर येताहेत ना? बँकेत किंवा पोस्टात अटल पेन्शन योजनेचा फॉर्म भरा. वयाच्या साठीनंतर दरमहा पाच हजारांचं पेन्शन हवं असेल तर ३५ व्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिन्याला ९०२ रुपये भरावे लागतात, ३० व्या वर्षी सुरू करणाऱ्याला ५७७. दोघांचे मिळून १,४७९. वरचे २१ रुपये उदबत्तीला. चाळिशी ओलांडली की ही योजना मिळत नाही आणि ३५ चा माणूस ४० ला भरायला लागला तर तेच पेन्शन महिन्याला १,४५४ ला पडतं, म्हणून सासूबाईंशी, दिरांशी, कुणाशी चर्चा न करता हे आधी उरकून टाका. एखाद्या महिन्यात सरकारचे पैसे लांबले तर खात्यात दोन हप्त्यांएवढी शिल्लक असू द्या, नाहीतर दंड लागतो.

जमिनीचं थोडक्यात. दिरांना सांगा, तो नाद सोडा. देवस्थान इनाम, म्हणजे सातबाऱ्यावर वर्ग ३, ही जमीन देवाच्या नावाची असते. ती विकता येत नाही आणि वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचं नाव कधीकाळी लागलेलं असलं तरी त्याने मालकी येत नाही. मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये हे स्वच्छ सांगितलं आहे की मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था बघणारा. कोर्टात गेलात तर वकिलाची फी जाईल, गाव तुटेल, आणि ज्या ट्रस्टकडे मानधन मागायचं त्याच्याशीच भांडण. पण त्याच जमिनीतून तुमचा रस्ताही निघतो. अशा जमिनी पूर्वी दिल्याच होत्या पूजा नि दिवाबत्ती चालावी म्हणून. तीन एकरांची बटाई वर्षाला किती येते आणि ती कशावर खर्च होते, हे ट्रस्टच्या हिशेबात असणार. ते हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात, जळगावला नकलेसाठी अर्ज करता येतो. पण नक्कल मागायची ती अगदी शेवटी. आधी सचिवांना साधं विचारा.

काय सापडेल त्याचा अंदाज सांगू? बटाईचे पैसे सभामंडपाच्या फरशीत, कमानीत आणि सप्ताहात गेलेले असतील. सप्ताहावर माझा राग नाही, काल्याच्या पंगतीला मीही बसतो. पण गावोगाव मी बघितलंय, काल्याच्या कीर्तनाला नामवंत महाराज आणायचे तर दोन तासांची बिदागी पुजाऱ्याच्या सहा महिन्यांच्या मानधनाएवढी जाते, आणि त्यासाठी घरटी वर्गणी हसत निघते. महाराज गाडीत बसून निघून जातात. दुसऱ्या दिवशी मंडपातल्या पत्रावळी उचलायला गुरवच असतो. हे विश्वस्तांना टोचून बोलू नका. फक्त ज्या बैठकीत सप्ताहाचं अंदाजपत्रक मांडतात, त्याच बैठकीत तुमचा कागद मांडा. दोन आकडे एका टेबलावर आले की माणसं आपोआप गप्प होतात.

त्या कागदात मानधनाखेरीज आणखी थोडं लिहा. सोयर-सुतक आलं की मिस्टरांना पूजा करता येत नाही, तेव्हा बदली माणूस लावावा लागतो. त्याचे पैसे आजवर तुम्हीच दिले असणार, ते ट्रस्टने द्यावेत. देवळाच्या स्वच्छतेचे नि नैवेद्याचे दोन हजार तुमच्या नावाने, वेगळ्या ओळीत, तुमच्या खात्यावर. ट्रस्ट कदाचित हजार म्हणेल. हजार घ्या, पण ओळ वेगळी पाहिजे. पुजाऱ्याला काही झालं तर कुटुंबाला खोल्यांत निदान एक वर्ष राहू द्यावं. आणि दर अखाजीला मानधन पुन्हा ठरवावं, सालदारासारखं. हे सगळं ठरावात घ्यायला सांगा, इतिवृत्तात नोंद झाली पाहिजे. तोंडी ‘बघू’ला किंमत नाही. अध्यक्ष बदलला की ‘बघू’ही बदलतो. गावात ट्रस्टवर एखादे निवृत्त मास्तर असतातच, कागद आधी त्यांना दाखवा. शुद्धलेखन ते दुरुस्त करतील आणि दुरुस्त केलेल्या कागदाची बाजू माणूस घेतो.

तर माझं मत विचाराल तर या अखाजीला पुण्याला जाऊ नका. मुलाचं पाचवीचं वर्ष पुरं होऊ द्या, नवोदयची परीक्षा दिली असेल तर निकाल येऊ द्या. कागद ट्रस्टला द्या आणि पुढच्या अखाजीपर्यंत वाट बघा. तोवर काहीच हललं नाही, तर जा, आणि मान खाली न घालता जा. देवाला सोडून गेलात असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या, दहा हजारांखाली नवा माणूस मिळत नाही हे त्यांना महिन्याभरात कळेल.

पण पुण्याचा दरवाजा आत्ताच बंद करू नका. मावसभावाला सांगून सोसायटीला उलट विचारा, खोली देता का? बऱ्याच सोसायट्यांत पार्किंगच्या बाजूला किंवा गच्चीखाली एखादी खोली अडगळ भरून पडलेली असते. खोली मिळत असेल तर अठराऐवजी बारा हजार घेऊनही तुम्ही फायद्यात आहात. अठरातून भाडं-लाइट जाऊन साडेसात उरत होते, इथे बारा पुरते उरतात. त्यांनाही सहा हजार वाचतात. ताटातले पैसे कुणाचे नि क्यूआर कुणाचा, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. गणपतीत दहा दिवस रात्री अकरापर्यंत थांबावं लागेल का, ते सुद्धा.

राहिले नारळ. यात चूक काही नाही. देवापुढे आलेल्या नारळातलं अर्ध भाविकाला प्रसाद म्हणून परत जातं आणि बाकी पूजा करणाऱ्याचं, ही रीत तुमच्या आजेसासऱ्यांच्याही आधीची. बायका नावं ठेवतात ते न फोडलेला नारळ दुकानातून फिरून फिरून पुन्हा देवापुढे येतो म्हणून, आणि त्यांचंही थोडं खरं आहे. आपण वाहिलेला नारळ दुपारी शेजारणीच्या ताटात दिसला तर कुणालाही कसंतरी होईल. शिवाय दुकानदार परत घेताना निम्मा भावही देत नाही. तुम्ही ते फोडून वाट्या उन्हात वाळवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला असतो, फार दिवस लागायचे नाहीत. घरोघरी काळा मसाला करायचे तेच दिवस, आणि खोबऱ्यावाचून काळा मसाला होत नाही. ज्या बायका नावं ठेवतात, त्यांनाच किलोने विका.